झाडांचे डॉक्टर : एडविन बटलर

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १८७४ साली आयर्लंड देशात झाला. ते शिकले माणसांची डॉक्टरकी, पण त्यांचा जीव रमला बुरशीच्या अभ्यासात. १९०१ साली ते भारतात आले. पुढे बिहारमधील पुसा येथे सरकारी शेती संस्थेत ते पिकांचे रोग शोधू लागले.

आपल्याकडे तूर उबळते. आमच्या वावरात शेंगा भरायच्या वेळी झाडं उभी वाळली. जमिनीत ओल होती, तरी वाळली. हाच तो मर रोग. बटलर यांनी तो १९०६ साली बिहारमध्ये नोंदवला. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. म्हणून ओल असूनही झाड तहानेने मरते. खोड चिरले की आत काळपट रेघा दिसतात. शेवंती, ग्लॅडिओलस या फुलझाडांनाही अशाच बुरशीने मर लागते.

ही बुरशी वाळलेल्या मुळांत, धसकटांत तीन वर्षेसुद्धा टिकते. त्याच वावरात दरसाल तूर घेतली की रोग वाढतो. तुरीत ज्वारी पेरली की कमी होतो.

बटलर यांनी १९१८ साली झाडांच्या बुरशीरोगांवर मोठे पुस्तक लिहिले. १९४३ साली ते वारले. भारतातील वनस्पती-रोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात.

यंदा बाबांनी त्या वावरात ज्वारी पेरली. आधी मी आणि ताईने धसकटं वेचली. पालकांनो, तुमची तूर वाळली तर एक खोड चिरून बघा.

– इयत्ता चौथी