गाडगेबाबांचा वेष : एक चरित्रात्मक टिपण

अचलपूरच्या शेजारील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि गाडगे. या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. हा वेष केवळ वैराग्याची खूण मानणे अपुरे वाटते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधण्याची सक्ती होती, असे डॉ. आंबेडकरांनी नमूद केले आहे. अवमानाच्या त्याच दोन वस्तू बाबांनी स्वेच्छेने धारण केल्या. हेतू काहीही असो, हे चित्र वाचण्यास अक्षरओळख लागत नव्हती. कीर्तनातील अस्पृश्यतेवरचे प्रश्न त्याला जोडूनच येत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर १९४७ पर्यंत अस्पृश्यांना बंद होते. त्याच नगरीत बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आंबेडकरांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावनजीक पेढी नदीकाठी बाबांचे निधन झाले. २०००-०१ मध्ये शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान आरंभिले. तेथे खराटा स्वच्छतेपुरता उरला; चोखामेळा धर्मशाळेशी असलेले त्याचे नाते क्वचितच सांगितले जाते.