वेळासचे नाना आणि माहितीचं युद्ध

सायबर वॉर म्हटलं की डोळ्यांसमोर कॉम्प्युटर, व्हायरस आणि अंधाऱ्या खोलीत बसलेला हॅकर येतो. आपल्या देशानेही २०१९ मध्ये तिन्ही सैन्यदलांसाठी डिफेन्स सायबर एजन्सी उभी केली. पण मशीन बाजूला ठेवली तर उरतं काय? शत्रूची खरी माहिती मिळवणं, आपली लपवणं आणि त्याला चुकीच्या समजात ठेवणं! अडीचशे वर्षांपूर्वी या कामात तरबेज असलेल्या एका माणसाचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. आज कासवांमुळे प्रसिद्ध झालेलं मंडणगड तालुक्यातलं वेळास! तो माणूस म्हणजे नाना फडणवीस.

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचं खरं नाव. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्याला. १७६१ च्या पानिपतात ते अठरा वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे! अब्दालीने मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता अडवला. रसद बंद झाली आणि पुण्याशी पत्रव्यवहारही तुटला. संपर्क तुटलेल्या सैन्याचं काय होतं ते नानांनी स्वतः पाहिलं. त्या धावपळीत आई गमावली, आणि ते कसेबसे जीव वाचवून परतले.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकमातल्या 'धरावे' या शब्दात एकच अक्षर बदलून 'मारावे' केलं गेलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, मेसेजमध्ये कोणी मध्येच फेरफार केली तर काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आमच्या नेटवर्क सिक्युरिटीच्या पुस्तकातही नाही!

नंतर बारभाईंनी राघोबांना बाजूला सारून तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हातात घेतला. त्यात नाना पुढे होते. स्वतः तलवार गाजवणारे ते नव्हते. त्यांचं हत्यार म्हणजे जासूद, हरकारे आणि दरबारोदरबारी बसलेले वकील. ठिकठिकाणची बातमीपत्रं पुण्याला येत आणि नाना ती एकमेकांशी ताडून बघत.

याचा फायदा दिसला वडगावला. १७७८ च्या अखेरीस सुमारे ४००० ची इंग्रज फौज राघोबांना घेऊन मुंबईहून निघाली. मराठे सरदार आपल्याला येऊन मिळतील हे राघोबांचं सांगणं इंग्रजांनी तपासून न बघता मानलं. कोणी मिळालं नाही! उलट घाट चढून आलेल्या फौजेच्या वाटेवरचा दाणावैरण मराठ्यांनी नाहीसा केला. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावला पोचले तर गाव ओस. मागे फिरले तर महादजी शिंद्यांच्या फौजेने वडगावला वेढलं आणि इंग्रजांना तह करावा लागला. तोफा त्यांच्याकडेही होत्या, पण माहिती खोटी होती.

इंग्रजांनी पुढे तो तह मोडला. तेव्हा १७८० मध्ये नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांवर चहूबाजूंनी दबाव आणला. हे जमलं ते पत्रांवर आणि वकिलांवर. पुढे निजाम आणि भोसले ढिले पडले, तरी १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांना राघोबांचा पाठिंबा सोडावाच लागला.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही सगळी सिस्टीम एका माणसाच्या डोक्यात होती! बॅकअप नव्हता. १३ मार्च १८०० ला नाना गेले आणि तीन वर्षांच्या आतच, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहावर सही करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.

आज सर्व्हर आले, सॅटेलाईट आले. पण खोटी बातमी तपासल्याशिवाय मानणारा आजही हरतो, आणि एकाच माणसावर उभं राहिलेलं नेटवर्क आजही त्याच्याबरोबरच बंद पडतं. पुढच्या वेळी कासवं बघायला वेळासला गेलात, तर नानांचीही आठवण काढा!