जिभेवरचे ओझे : मालिन्चेची जीवनकथा

दुभाषी हे आडनाव कारवार-गोव्याकडे आजही आढळते. आडनाव नसले तरी सीमाभागातल्या जवळजवळ प्रत्येक गावात दुभाष्याचे काम करणारे कोणी ना कोणी असतेच. कचेरीतून आलेला कन्नड कागद वाचून दाखवणारा मुलगा असतो, दवाखान्यात सासूचे दुखणे डॉक्टरांना कन्नडमधून सांगणारी सून असते. पलीकडे जत-अक्कलकोटच्या खेड्यांत हेच काम उलट्या बाजूने चालते. दोन भाषा आल्या म्हणजे हे काम जमले, असे आपण धरून चालतो. ते तेवढे सोपे नाही, हे समजून घ्यायचे तर पाचशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत होऊन गेलेल्या एका बाईचे आयुष्य पाहावे, असे आम्हांला वाटते. जग तिला मालिन्चे या नावाने ओळखते.

तिचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास मेक्सिकोच्या आखाताजवळच्या मुलखात झाला. तिची मायबोली नाहुआत्ल, म्हणजे त्या काळच्या अ‍ॅझ्टेक साम्राज्याची भाषा. घराणे बऱ्यापैकी मानाचे होते. पण लहानपणीच ती परक्यांच्या हाती गेली आणि माया भाषा बोलणाऱ्या ताबास्कोच्या लोकांत दासी म्हणून राहिली. दुसरी भाषा ती शाळेत शिकली नाही. दुसऱ्याच्या घरी राबता राबता शिकली. धन्याचा राग कोणत्या शब्दात आहे आणि कोणत्या गप्प बसण्यात आहे, हे ओळखल्याशिवाय दासीचा दिवस जात नसतो. तिचे पहिले शिक्षण ते.

१५१९ च्या मार्चमध्ये स्पेनचा सरदार एर्नान कोर्तेस याने ताबास्कोच्या लोकांचा पराभव केला. हरलेल्यांनी वीस स्त्रिया भेट म्हणून दिल्या, त्यांत ही एक. तिला बाप्तिस्मा देऊन मरीना हे नाव ठेवण्यात आले. कोर्तेसजवळ आगिलार नावाचा दुभाषी होता. जहाज फुटल्यामुळे तो आठ वर्षे माया लोकांत अडकला होता, म्हणून त्याला माया भाषा येत होती. पण पुढच्याच महिन्यात सम्राट मोक्तेसुमाचे वकील भेटीस आले, तेव्हा त्यांचे नाहुआत्ल आगिलारला कळेना. मरीनाला कळते, हे ध्यानात आले आणि तिचे आयुष्य पालटले. कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार ते मायामध्ये सांगे, मरीना मायातून नाहुआत्लमध्ये नेई. उत्तर त्याच वाटेने परत येई. पुढे ती स्पॅनिश शिकली आणि मधला दुवा गळून पडला.

तिच्या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नाहुआत्लमध्ये र हा उच्चार नाही, म्हणून मरीनाची मालिना झाली. आपण लक्ष्मीला मानाने लक्ष्मीबाई म्हणतो, तसा तिकडे नावापुढे त्सिन लावीत. तशी ती मालिन्त्सिन झाली. स्पॅनिश कानांनी त्याचे मालिन्चे केले. कालची दासी आता बाई झाली होती. इतकेच नव्हे, तर तिथले लोक खुद्द कोर्तेसलाही मालिन्चे म्हणू लागले, कारण त्यांच्या कानी पडे तो आवाज तिचा.

खरी कसोटी ८ नोव्हेंबर १५१९ रोजी राजधानी तेनोच्तित्लानमध्ये लागली. मोक्तेसुमासमोर मोठमोठे सरदारही मान खाली घालून उभे राहत. दरबारी नाहुआत्ल रोजच्या बोलीपेक्षा निराळी होती. क्रियापदांना मानाची रूपे लागत, आणि मोठ्याने स्वतःला लहान म्हणवून बोलण्याची रीत होती. ही भाषा ज्याला पेलत नाही, त्याचे दरबारात कोणी ऐकून घेतले नसते. मालिन्चेला ती पेलली.

त्या भेटीतल्या स्वागताच्या भाषणाबद्दल आजही वाद आहे. सम्राटाने आपले राज्य आपल्या स्वाधीन केले, असे कोर्तेसने स्पेनच्या राजाला कळवले. आताच्या अनेक अभ्यासकांना हे पटत नाही. त्यांच्या मते ते पाहुण्यापुढचे शिष्टाचाराचे बोलणे होते. आपल्याकडेही पाहुण्याला हे घर आपलेच समजा म्हणतात. म्हणून कोणी सात-बारा त्याच्या नावावर करीत नाही. शब्द घर देतात, रीत ते देत नाही. दुभाष्याला या दोन्हींचा अर्थ पोचवावा लागतो, आणि ऐकणाऱ्याने सोयीचा तेवढाच उचलला तर तो हतबल होतो.

कामाची दुसरी बाजू भयंकर होती. चोलुला शहरात एका वृद्ध स्त्रीने तिला स्पॅनिशांविरुद्धच्या कटाची खबर दिली आणि तिने ती कोर्तेसला सांगितली, असे स्पॅनिश इतिहासकार लिहितात. त्यानंतर तिथे मोठी कत्तल झाली. कट खरा होता की नाही, यावर एकमत नाही. १३ ऑगस्ट १५२१ रोजी राजधानी पडली. शेवटचा सम्राट कुआउतेमोक १५२५ मध्ये फासावर गेला, त्या मोहिमेतही ती सोबत होती. आपल्याच भाषेतली माणसे हरताना, मरताना त्यांचे शब्द तिच्या तोंडून जात होते. तिला काय वाटले, हे कोणी लिहून ठेवले नाही. तिचा स्वतःचा एक शब्दही उरलेला नाही.

कोर्तेसपासून तिला मार्तीन हा मुलगा झाला. तो सहा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याला स्पेनला नेण्यात आले. तिचे लग्न हुआन हारामियो या स्पॅनिश सरदाराशी झाले, एक मुलगी झाली, आणि १५२९ च्या सुमारास, तिशीच्या आतबाहेर, ती वारली.

सोळाव्या शतकातल्या तिथल्या चित्रांत ती दोन पक्षांच्या मधोमध उभी दिसते. त्यांच्या लेखी ती मोठी बाई होती. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यानंतर मात्र ती फितूर ठरली. परक्याची ओढ असणे, यासाठी तिच्या नावावरून शब्दच रूढ झाला. गेल्या अर्धशतकात तिथल्या लेखिकांनी उलट प्रश्न विचारला : जिला तिच्याच मुलखाने दासी म्हणून देऊन टाकले, तिने इमान कोणाशी राखायचे होते?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणार नाही. पण तो आपल्या दारापर्यंत येतो. आपला कागद वाचणाऱ्या मुलाला आपण भाषांतर विचारतो आणि कागदातली बातमी वाईट निघाली की त्याच्यावरच चिडतो. दोन्हींकडे बोलतो म्हणून त्याला तिकडचा ठरवतो. दुभाष्याने बोलणे प्रामाणिकपणे पोचवावे, मान आणि राग जसाच्या तसा न्यावा, आपल्या पदरचे घालू नये. तसेच ऐकणाऱ्यानेही निर्णयाचे ओझे त्याच्या जिभेवर टाकू नये. मधे उभा राहणारा माणूस असतो म्हणून तर दोन्हींकडची माणसे एकमेकांशी बोलू शकतात.