हान्स लेडविंका

हान्स लेडविंका (१४ फेब्रुवारी १८७८ – २ मार्च १९६७) हे ऑस्ट्रियात जन्मलेले मोटार अभियंता होते. चेकोस्लोव्हाकियातील तात्रा या कारखान्याच्या अनेक प्रसिद्ध मोटारींचे मुख्य अभिकल्पक म्हणून ते ओळखले जातात. नळीचा मध्यवर्ती सांगाडा, स्वतंत्रपणे वरखाली होणारी चाके, हवेने थंड होणारे इंजिन आणि प्रवाहरेखित बांधणी यांचा मेळ त्यांनी घातला व त्यातून चेक मोटारींना स्वतःची ओळख मिळाली.

सुरुवातीचे जीवन

लेडविंका यांचा जन्म व्हिएन्नाजवळील क्लोस्टरनॉयबुर्ग येथे झाला. प्रथम यांत्रिक कारागिरीचे काम शिकून त्यांनी पुढे व्हिएन्ना येथे तांत्रिक शिक्षण घेतले. १८९७ साली ते मोराव्हियातील नेसेल्सडॉर्फ (आजचे कोप्रिव्नित्से) येथील रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात रुजू झाले. त्याच वर्षी या कारखान्यात प्रेसिडेंट ही पहिली मोटार तयार झाली. १८९८ मध्ये ती कारखान्यापासून व्हिएन्नापर्यंत सुमारे ३२८ किलोमीटर स्वतःच्या बळावर गेली. रेल्वेच्या डब्यांवर काम करणारे तरुण लेडविंका लवकरच मोटारींच्या कामाकडे वळले.

१९०२ मध्ये त्यांनी कारखाना सोडला व काही काळ वाफेवर चालणाऱ्या मोटारींवर काम केले. १९०५ मध्ये ते परतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीत गेले आणि तिच्या पहिल्या मोटारी त्यांनी घडवल्या.

तात्रा ११

१९२१ मध्ये लेडविंका कोप्रिव्नित्सेला पुन्हा आले. तोपर्यंत हे गाव नव्या चेकोस्लोव्हाकियात सामील झाले होते आणि तेथील मोटारींना तात्रा पर्वतरांगेचे नाव मिळाले होते. १९२३ साली आलेली तात्रा ११ ही छोटी व साधी मोटार होती, पण तिची रचना त्या काळातील रूढ पद्धतीहून वेगळी होती. दोन लांब तुळयांच्या चौकटीऐवजी मध्ये एकच मजबूत पोलादी नळी होती व इंजिनाची शक्ती मागे नेणारा दांडा त्या नळीतूनच जात असे. मागील आस अखंड नव्हता. त्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळे हलत. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला धक्का बसत नसे, आणि खराब रस्त्यांवरही नळीचा सांगाडा पिळवटत नसे. पुढे बसवलेले दोन सिलिंडरचे इंजिन हवेने थंड होत असल्याने हिवाळ्यात पाणी गोठण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रवाहरेखित मोटारी

१९३४ मध्ये तात्रा ७७ ही मोटार सादर झाली. पॉल यारे यांच्या वायुगतिकीविषयक कल्पना आणि एरिश यूबेलाकर यांचे सहकार्य यांतून लेडविंका यांनी ती साकारली. तिचे आठ सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागे होते. त्यानंतरची तात्रा ८७ अधिक आटोपशीर व हलकी होती. पुढचे तीन दिवे आणि पाठीवरील उभा पंख यांवरून ती सहज ओळखता येते. सुमारे ३ लिटर क्षमतेच्या ७५ अश्वशक्तीच्या इंजिनावर ती ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग गाठत असे. एवढ्या कमी शक्तीत हा वेग शक्य झाला तो मुख्यतः तिच्या आकारामुळे. तथापि, मागे एकवटलेले वजन व झुलते अर्ध-आस यांमुळे वेगात वळण घेताना मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका असे.

फोक्सवागनशी वाद

तात्रा ९७ ही त्याच धाटणीची लहान मोटार होती. तिच्यात मागे चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन होते. जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी घडवलेल्या फोक्सवागनशी तिचे बरेच साम्य होते व त्यावरून तात्राने एकस्वांच्या उल्लंघनाचा दावा केला. जर्मनीने चेकोस्लोव्हाकियाचा ताबा घेतल्यावर हा वाद दडपला गेला आणि तात्रा ९७ चे उत्पादनही थांबले. १९६० च्या दशकात फोक्सवागनने भरपाई देऊन हे प्रकरण मिटवले, परंतु लेडविंका यांना त्यातून काहीही मिळाले नाही.

कारावास व अखेरची वर्षे

युद्धानंतर जर्मनांना सहकार्य केल्याच्या आरोपावरून चेकोस्लोव्हाकियात लेडविंका यांना तुरुंगात टाकण्यात आले. १९५१ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांनी तात्रात परतण्यास नकार दिला व देश सोडला. म्युनिक येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त ठरवले.

वारसा

लेडविंका तुरुंगात असतानाच, १९४७ ते १९५० या काळात, यिर्झी हान्झेल्का व मिरोस्लाव्ह झिकमुंड यांनी तात्रा ८७ मधून आफ्रिका व लॅटिन अमेरिकेचा प्रवास केला. ती मोटार प्रागच्या राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालयात जतन केलेली आहे. लेडविंका यांचे पुत्र एरिश यांनी ऑस्ट्रियात हाफ्लिंगर व पिंट्सगाउअर ही खडतर वाटांवरील वाहने घडवली. त्यांतही मध्यवर्ती नळीचेच तत्त्व होते. तात्राचे मालट्रक आजही याच नळीच्या सांगाड्यावर बांधले जातात.