हिशेब मागणारा सभासद

मुंबईत १८८५ साली भरलेल्या राष्ट्रसभेच्या पहिल्या अधिवेशनामुळे ॲलन ह्यूम हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम मात्र विस्मृतीत गेले. साताऱ्याच्या इतिहासाची ज्यांना आस्था आहे त्यांनी तरी या स्कॉटिश गृहस्थाला विसरू नये.

माँट्रोझ या बंदरात १७७७ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आईने भांड्यांचे दुकान चालवून मुले वाढविली. शस्त्रवैद्यकी शिकून जोसेफ कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आले. येथील भाषा त्यांनी आत्मसात केल्या आणि १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात बुंदेलखंडातील फौजेबरोबर दुभाष्याचे व पगारवाटपाचे काम केले. परतताना सुमारे चाळीस हजार पौंड त्यांच्या गाठीस होते. आपल्या पराभवाच्या काळातच त्यांची सुबत्ता उभी राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

१८१२ साली पैसे मोजून त्यांनी पार्लमेंटातील पहिली जागा मिळविली. १८१८ नंतर मात्र ते सुधारणावाद्यांच्या अग्रभागी आले. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. होता तो चिवटपणा. अंदाजपत्रकातील रकमांमागून रकमा घेऊन ते सभागृहात उभे राहत आणि पैसा कोठे गेला, कोणाला मिळाला, का मिळाला, एवढेच विचारीत. आकडे तपासण्यासाठी पदरचे पैसे खर्चून त्यांनी कारकून ठेवले होते. सभासद कंटाळत, हसत. मतदानात ह्यूम बहुधा हरत. पण आपला आकडा उद्या चव्हाट्यावर येईल, हा धाक खात्याखात्यांत बसला. कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणारे कायदे १८२४ साली रद्द झाले, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. कारखान्यांतील कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन घालण्यास मात्र त्यांनीच विरोध केला. अर्थशास्त्राच्या तत्त्वनिष्ठेने भल्या माणसालाही असे आंधळे करावे, याचे नवल वाटते.

१८३१ साली सुधारणा विधेयकाच्या चर्चेत वसाहतींबरोबर हिंदुस्थानालाही पार्लमेंटात प्रतिनिधी द्यावेत, अशी सूचना त्यांनी मांडली. ती अर्थातच फेटाळली गेली.

१८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कटाच्या आरोपावरून पदच्युत करून काशीस धाडले. आरोपांची रीतसर चौकशी झाली नाही, महाराजांना आपली बाजू मांडू दिली नाही. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते न्यायासाठी लंडनमध्ये ठाण मांडून बसले होते. ह्यूम यांनी हे प्रकरण १८४५ व १८४७ साली पार्लमेंटापुढे आणले. सर्वांत सामान्य आरोपीला जी सुनावणी मिळते तीच एका राजाला नाकारली, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारने दाद दिली नाही. १८४७ च्या ऑक्टोबरात महाराज काशीस निवर्तले आणि पुढच्याच वर्षी सातारा खालसा झाला.

ह्यूम १८५५ च्या फेब्रुवारीत वारले. तेव्हा ते जन्मगावाचेच, माँट्रोझचे, प्रतिनिधी होते.