गोदातीर ते समरकंद

सूर्य आणि चंद्र ठरलेल्या हिशोबाने चालतात, ही कुरआनची शिकवण आपण जाणतो. तो हिशोब मांडण्यात आयुष्य वेचलेल्या एका विद्वानाचे मूळ आपल्या पाथरी परिसरात आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्यांचे नाव कमलाकर. गोदातीरावरील गोळग्राम हे त्यांच्या घराण्याचे गाव. पणजोबा दिवाकर हे गणेश दैवज्ञांचे शिष्य. गणेशांच्या १५२० च्या ग्रहलाघव या ग्रंथावरून महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या पंचांगे होत असत. त्या ग्रंथावर कमलाकरांचे चुलत आजोबा मल्लारी आणि विश्वनाथ यांनी टीका लिहिल्या. पुढे हे घराणे काशीस स्थायिक झाले. तेथे थोरले बंधू दिवाकर हेच कमलाकरांचे गुरू झाले आणि १६५८ मध्ये त्यांनी सिद्धान्ततत्त्वविवेक हा ग्रंथ सिद्ध केला.

प्राचीन सूर्यसिद्धान्तावर त्यांची अढळ निष्ठा होती; त्यासाठी त्यांनी समकालीन पंडितांशी वादही केले. तरीही समरकंदचे मुस्लिम सुलतान व खगोलज्ञ उलुगबेग यांच्या कोष्टकांतील गणित आणि नगरांची स्थाने त्यांनी निःसंकोचपणे आपल्या ग्रंथात घेतली. ध्रुवतारा पूर्णपणे स्थिर नाही, हेही त्यांनी नोंदविले.

दुसऱ्या धर्माच्या विद्वानाचे खरे गणित स्वीकारल्याने कमलाकरांची श्रद्धा उणी झाली नाही. आपणही नमाजच्या वेळा सूर्याच्या गतीवरूनच ठरवतो. मग मदरशातील मुलाच्या हाती गणिताचे पुस्तक देताना आपण का कचरावे? याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.