कुरणात भरलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

शाळेच्या पटावर नाव असलेले मूल आणि शाळेत येऊन बसलेले मूल यांच्यात पुष्कळदा मोठे अंतर असते. ते अंतर पाहून मुलाला व त्याच्या आईबापांना बोल लावणारे पुष्कळ भेटतात. ते तोडण्यासाठी शाळेनेच उठून चालू लागावे असे ज्यांनी ठरविले, व ठरवून तसे केले, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. अंगणवाडी हा शब्द आमच्या विद्यार्थिमित्रांच्या रोजच्या ऐकण्यातील आहे. ज्या कार्यातून तो निघाला, त्याच कार्यातून कुरणशाळा नावाचा एक विलक्षण प्रयोग उभा राहिला. परंतु तो शब्द मात्र आज फारसा कोणाच्या कानावर नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. घर प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी वातावरणातले. मुलींनी चार बुके शिकणेही जेथे जड जात होते, त्या काळात त्या १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो संसार टिकला नाही व १९२१ च्या सुमारास त्या विभक्त झाल्या. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे सांगण्याची गरज नाही. ताराबाईंनी त्याचा उच्चार करीत बसण्याऐवजी राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले.

तेथून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते येथे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर चालत असे. गिजुभाई मूळचे वकील, इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांनी त्यांना वकिलीतून ओढून मुलांत आणून बसविले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलाने आपल्या हातांनी व डोळ्यांनी शिकावे, ही त्यांची रीत. ताराबाईंनी त्यांच्याबरोबर सुमारे नऊ वर्षे काम केले. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला आणि मराठी घरांना बालशिक्षण म्हणजे काय ते प्रत्यक्ष दिसू लागले.

येथेच थांबत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. तथापि एक शल्य त्यांच्या मनात होते. डॉ. माँटेसरी यांनी आपली पहिली शाळा १९०७ साली रोम शहराच्या गरीब वस्तीत काढली होती. भारतात मात्र त्या पद्धतीची बालमंदिरे श्रीमंतांच्या व सुशिक्षितांच्या मुलांपुरतीच राहिली. साधने महाग, इमारत नेटकी, फी भरीव. खेड्यातील मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. मदतीला अनुताई वाघ होत्या. बालवयातच वैधव्य आलेल्या व पुढे शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई त्या वेळी ३५ वर्षांच्या होत्या.

बोर्डीत पहिला धडा गुरुजनांनाच मिळाला. बालवाडी उघडली, परंतु अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाई व अनुताई त्या वस्तीत गेल्या आणि एखाद्या घराच्या अंगणातच मुलांना जमवून बालवाडी भरवू लागल्या. अंगणवाडीचा जन्म तो हा. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, बांबूच्या कांबी आल्या. गावात जे फुकट पडलेले असे, ते साधन झाले. आमच्या मते ताराबाईंची खरी प्रतिभा येथे दिसते. परदेशी पद्धतीतील तत्त्व त्यांनी घेतले आणि पेटी तेवढी तिकडेच राहू दिली.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आले. हा डहाणू तालुक्याचा भाग. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. भोवती रान, गवताळ कुरणे आणि वारल्यांचे विखुरलेले पाडे. हे गवत काही निरुपद्रवी नव्हे. जमीनदारांच्या कुरणांतील गवत वारल्यांनी वेठीने किंवा कवडीमोलाने कापावयाचे, असा तेथील रिवाज होता व त्याविरुद्ध १९४५ साली वारल्यांनी मोठा लढा दिला होता. बाहेरून आलेल्या पांढरपेशा माणसाने आपले भले योजिले असेल, यावर त्यांचा विश्वास का बसावा?

शाळा उघडली, पण मुले टिकेनात. कारण शोधण्यास दूर जावे लागले नाही. सहा-सात वर्षांचे मूल म्हणजे त्या घरातील एक कमावता जीव. मुलगी असेल तर तिच्या कडेवर धाकटे भावंड, आणि मुलगा असेल तर त्याच्यापुढे गुरे. आपल्या बसवकल्याण तालुक्यात, मंठाळच्या शिवारातही शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणारी मुले कोणी पाहिली नसतील असे नाही. अशा मुलाने शाळेत यावयाचे तर जनावरे कोणी पाहावयाची? ताराबाईंनी दोन उपाय काढले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एका ठिकाणी आणून त्यास विकासवाडी असे नाव दिले, म्हणजे मुलीने कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसावे. गुराख्यांसाठी मात्र शाळाच कुरणात नेली.

कुरणशाळेला भिंत नव्हती आणि बाकही नव्हते. गुरे चरत तेथे शिक्षक जावयाचे व झाडाच्या सावलीत मुलांना गोळा करावयाचे. खडे व बिया मोजीत अंक शिकावयाचे, काटक्या मांडून अक्षरे, पानांचे आकार व शिरा पाहून सृष्टिज्ञान; गाणी-गोष्टी तर ओघानेच आल्या. एखादी गाय दुसऱ्याच्या शेताकडे वळली की विद्यार्थी धावला, तिला हाकून पुन्हा पाठास बसला. यात गंमत अशी की, रानाविषयी शिक्षकापेक्षा शिष्यच अधिक जाणता. कोणत्या झाडाचे फळ केव्हा पिकते, कोणता पाला गुरांना चालत नाही, हे वारल्याच्या पोराला पुस्तकावाचून ठाऊक. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करून त्याला ठाऊक नसलेल्या अक्षरापर्यंत पोचावयाचे, ही या शाळेची दिशा.

अलीकडे वनोद्यानांतून मुलांना हिंडवून झाडे-पाखरे दाखविण्याची चांगली रीत पडत आहे; आमच्याकडेही सहलीसाठी बीदरजवळचे देवदेव वन आहे. परंतु दोहोंतील भेद ध्यानात घ्यावा. सहलीत पुस्तकातल्या मुलाला रानात न्यावयाचे असते. कोसबाडला मूल रानात होतेच, न्यावयाचे होते ते पुस्तक.

या प्रयोगावर आक्षेप घेता येण्याजोगा आहे, तो आम्ही लपवीत नाही. गुरे राखता राखता शिकविणे म्हणजे मुलाच्या कष्टाला मान्यता देणे नव्हे काय? मुलाने गुरेच राखू नयेत हे अधिक बरे, यात संशय नाही. पण ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची शाश्वती नव्हती, तेथे हा उपदेश करून परतणे सोपे होते. ताराबाईंनी उपदेश केला नाही. त्या मुलाच्या हाती त्याच दिवशी पडेल एवढे तरी दिले. हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जण उन्हातून त्या टेकडीवर चढले असते, असे मात्र आमच्या मनात येते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ऑगस्ट १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले व ते गावोगाव पोचले. ते पाहावयास ताराबाई नव्हत्या. कुरणशाळेच्या वाट्याला असा विस्तार आला नाही. अनुताई मात्र कोसबाड सोडून गेल्या नाहीत. आदिवासी मुलांत काम करीत त्या त्याच टेकडीवर राहिल्या, आणि १९९२ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले तेव्हा बोर्डीच्या त्या पहिल्या बालवाडीला ४७ वर्षे होत आली होती.